तुरीच्या डाळीचा कॅमेरा

बर्डीवर धकातेंच्या दुकानात
काचेखाली तिघे शेजारी निजले होते.
पहिला लांब नाकाचा.
"फुटाळ्याच्या ह्या काठावरून
त्या काठावरची टपरीची पाटी वाचता येते जी," धकाते म्हणाले.
दुसरा पाण्यात बुडवला तरी चालणारा;
एप्रिलातल्या नागपुरात ते ऐकून
आम्ही दोघंही जरा हसलो.
तिसरा काळा, चपटा,
साबणाची नवी वडी जितकी गप्प, तितका गप्प.

"पण मॅडम, काढाचं काय हाय तुम्हाले?"

मला सांगता येईना.
बारसं नाही. वाघ नाही.
गोरेवाड्याच्या कुंपणाबाहेरची मुरमाड वाट आहे,
तिथं सायकल उताराला सुटते,
दात दातांवर आपटतात
आणि डोळ्यांच्या कडेनं काहीतरी निघून जातं.
ते काढायचंय, असं दुकानात कसं म्हणायचं?
"तिसऱ्याचं वजन सांगा," म्हटलं.
दोनशे चौऱ्याण्णव ग्रॅम, बॅटरीसकट.

मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी करते,
आकडा हाती आला की मला धीर येतो.
कॉलेजच्या तराजूवर साबणदाणी ठेवली,
तुरीची डाळ काठोकाठ भरली,
तरी कमीच. मग दोन जुनी पितळी वजनं
डाळीत पुरली, आणि जास्तीचे दाणे
चिमटीनं काढत बसले.
झाकणाला रबरबँड.
दारातून उकेभाऊ बघत होते.
"काऊन मॅडम, प्रयोग करून राह्यले का?"
"हो," म्हटलं. खोटं नव्हतं.

पहिल्या दिवशी पाठीवरच्या पिशवीत.
नीलगाय थांबली, मान वळवली,
मी पाठीमागची चेन चाचपडतेय तोवर
तिची वासरं मोठी होऊन गेली असती.
दुसऱ्या दिवशी पँटच्या खिशात:
रात्री मांडीवर साबणदाणीच्या आकाराचा निळा डाग.
मग खांद्याच्या पट्ट्यावर, डावीकडे,
हात आपसूक जाईल तिथं.

आणि हात जाऊ लागला.

सागाच्या वाळल्या पानावर टायरची नक्षी.
साबणदाणी डोळ्याशी, तोंडानं खट्.
वनखात्याचा रखवालदार, बूट उशाला घेऊन झोपलेला.
खट्.
उतारावर माझ्यापुढं प्रांजल मेश्राम,
तिच्यामागं उठलेली लालसर धूळ,
ती पुढं गेल्यावरही धुळीत क्षणभर तीच.
खट्.
प्रांजल थांबली. "दाखव ना."
मी झाकण उघडून दाखवलं.
तिनं खरंच वाकून पाहिलं.
"वरण छान आलंय," म्हणाली.

शनिवारी खडकांच्या पायऱ्यांवर रबरबँड तुटला.
काळ्या दगडांवर पिवळी डाळ
लांबवर, इतकी लांबवर
की मी सोबत एवढी डाळ बाळगत होते
यावर माझाच विश्वास बसेना.
वजनं टणटणत खाली गेली.
सायकल आडवी टाकून मी शोधायला वाकले
तर दोन होले उतरले, मग आणखी तीन,
माझ्यापासून हातभर अंतरावर,
जणू मी तिथली दगडच.
माझा हात पट्ट्याकडे गेला.
तिथं काही नव्हतं.

सोमवारी धकातेंना म्हटलं, तिसरा द्या.
"त्याले झूम नाही बरं."
"चालेल. मी जवळ जाईन."
हातमोजा घालून बटण दाबून पाहिलं,
एका हातानं, तीनदा.
चेनवाली छोटी पिशवी घेतली; रबरबँड आता नको.

एक वजन अजून सापडलं नाही.
रजिस्टरात नोंद केली:
पन्नास ग्रॅम, पितळी, एक नग, गहाळ.
कारणाच्या रकान्यात 'होले' असं लिहिलं होतं,
मग खोडलं.