ओल

बजेट सहा हजार. त्यातले साडेतीन
प्रोजेक्टरनेच गिळले.
कॉलेज रोडवरचा एक क्लास बंद पडला, त्यांचा.
अजूनही चालू केला की आधी पडद्यावर येतं,
‘विद्यार्थी मित्रांनो, मोबाइल बंद ठेवा’,
आणि आम्ही दोघं, पन्नाशीतले,
खरंच ठेवतो.

सिडकोतली माडी म्हणजे जिन्याला लागलेली उचकी.
दहा बाय अकरा, एक खिडकी पश्चिमेला,
चार वाजता ऊन असं आत घुसतं
जसं त्याचंच नाव आहे घरपट्टीवर.
त्या खिडकीला छत्रीचं कापड.
शालिमारच्या मागे इस्माईलचाचांनी
तीस मोडक्या छत्र्यांच्या काड्या काढून
कापड वजनावर दिलं.
मी रात्री शिवत बसले, त्रिकोणाला त्रिकोण.
जुनी भोकं तेवढी राहिली.
आता भर दुपारी
आमच्याकडे तारे निघतात.

रंगाच्या दुकानात एक डबा होता,
कुणीतरी परत केलेला, अर्ध्या किमतीत.
‘काळा नाही हो, जांभळट आहे.
ओझरच्या बाईंनी नेला, एक हात मारला, आणि रडल्या.’
मला तो पिकल्या शरद द्राक्षाच्या
सालीसारखा दिसला.
निवृत्तीने तीन भिंती रंगवल्या.
चौथी पांढरीच ठेवली, तोच पडदा.

आवाज अडवायला अंड्यांचे ट्रे, भद्रकालीतून, फुकट.
वास जाईना म्हणून आठवडाभर गच्चीवर वाळवले.
गल्लीत बातमी: हे पोल्ट्री काढतायत.
बसायला द्राक्षांचे क्रेट, वायरी ठिबकच्या नळीत,
आणि उंबऱ्याशी दिवाळीची माळ,
जिचे निम्मे दिवे आधीच निवृत्त झालेत.
(या विनोदावर आमचे निवृत्ती हसत नाहीत.)

सगळं जमलं, फक्त त्या पांढऱ्या भिंतीवर
ओल.
पलीकडच्या झेलमताईंच्या टाकीची, तीन वर्षांची.
दोन भांडणं झाली होती, एक अबोला चालू होता.
वॉटरप्रूफिंगवाल्याने आकडा सांगितला,
आम्ही त्याला चहा पाजला
आणि जिन्यापर्यंत सोडायला गेलो.

मग ती ओल सगळ्या सिनेमांत काम करायला लागली.
नायिकेच्या गालावर वांग.
वाळवंटात एकुलता एक ढग.
कोर्टात न्यायाधीशाच्या मागे उभा
कधीच न उलटणारा साक्षीदार.
मे महिन्यात बारीक व्हायची, बिचारी,
श्रावणात अंगाने भरायची.
निवृत्ती म्हणे, हिला मानधन सुरू करायला हवं.

एका शनिवारी बंदुका जरा जास्तच सुटल्या.
अंड्यांच्या ट्रेची अब्रू गेली.
झेलमताई जिना चढून भांडायलाच आल्या,
पहिलं वाक्य तोंडात तयार,
आणि दारातच थांबल्या.

पडद्यावर एक म्हातारी खाटेवर,
लेकाला काहीतरी सांगायचं राहिलेली,
आणि ह्यांच्या टाकीचं पाणी
बरोब्बर तिच्या डोळ्याखाली.

‘हे आमचं?’
मी म्हटलं, बसा. क्रेट पायानेच सरकवला.

संपेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
सोमवारी प्लंबर आला. त्यांच्या खर्चाने.

होळीपर्यंत भिंत कोरडी. वरून चुन्याचा हात.
आता चित्र स्वच्छ दिसतं,
सगळ्यांचे गाल नुसते गाल.
झेलमताई येतात शनिवारी, स्वतःची उशी घेऊन,
शेंगा सोलतात, टरफलं ओच्यात ठेवतात.
परवा मध्येच म्हणाल्या,
‘ही बाई चांगली रडते,
पण हिच्यात काहीतरी कमी आहे.’
कुणीच काही बोललं नाही.

हिशेबाच्या वहीत अजून तीनशे चाळीस शिल्लक.
पंखा करकरतो,
आधी त्याचं बघू.