हिला पाणी लागत नाही

दारात तिने आधी बूट आपटून बर्फ पाडला,
मग खिशातून नोटा काढल्या,
ओल्या, कॉड माशाच्या वासाच्या.
"सुरी हवी. जिभा कापायला.
सगळ्यात धारदार."
नाव योरिड, वय दहा.
लोफोटेनच्या या टोकाला दहा म्हणजे कामाचं वय.
फेब्रुवारीत बोटी भरून येतात,
धडं मोठ्यांची, डोकी पोरांच्या वाटणीला.
डोकं खिळ्यावर टोचायचं,
एक झटका,
जीभ बादलीत. किलोवर पैसे.

मी फळीवरची जुनी कानस उचलली.
स्वीडनची, सासऱ्याच्या हातची,
दात झिजलेले, पण पोटात कार्बन अजून शाबूत.
ग्राइंडरला टेकवली तर ठिणग्या
फुलबाजीसारख्या फुटून फुटून उमलल्या.
मग दाराची बिजागरी टेकवली.
लांब, सरळ, मुकाट रेघा.
"हे नुसतं लोखंड. कितीही पाणी पाज, मऊ ते मऊच.
आणि हे पोलाद. केस उभा चिरेल."

"गंजेल?"

"पुसलीस तर नाही."

"कोण पुसणार?"

मी तिची बोटं पाहिली.
रबरी मोज्यांतून नुकतीच सुटलेली,
भिजून पांढरी, म्हातारीच्या बोटांसारखी चुरमडलेली.
समोर चारशे डोकी वाट बघत असताना
पुसणार कोण, खरंच.

ब्रिन्युल्फची गोष्ट मी तिला सांगितली नाही.
त्याला बेअरिंगच्या पोलादाची करून दिली होती,
गरजेपेक्षा कडक, माझ्या मिजाशीखातर.
त्याने ती कण्यात पिरगळली
आणि नखाएवढा तुकडा कुठल्याशा माशात बसून
बर्गेनला गेला, की आणखी पुढे.
कडकपणा तेव्हापासून मी जपून वापरतो,
सुरीत. घरी अजून जमत नाही.

तिने दोन तुकडे मागून घेतले,
एक कानशीचा, एक त्या दुसऱ्या पत्र्याचा,
जो मी कोपऱ्यात उलटा करून ठेवला होता.
तेरा-चौदा टक्के क्रोमियम.
स्टेनलेस म्हणजे दवाखान्याची भांडी,
असं मी चाळीस वर्षं म्हणत आलोय.
दुसऱ्या दिवशी डबा घेऊन हजर.
समुद्राच्या पाण्यात रात्रभर बुडवले होते.
एकावर तांबूस शेवाळ चढल्यासारखं.
दुसऱ्याने जणू समुद्र पाहिलाच नव्हता.
ती काही बोलली नाही,
डबा ऐरणीवर ठेवून उभी राहिली.

मग माझीच धावाधाव.
हे पोलाद माझ्या भट्टीला जुमानत नाही,
त्याला हजाराच्या वर पन्नास-साठ अंश,
तेही मोजून, न हलता.
शाळेत मातकाम शिकवणाऱ्या गुनवोर बाईंची भट्टी मागितली.
त्यांच्या कपबशा उतरल्यावर माझं पातं चढलं.
बाहेर काढलं, केशरी, आणि सवयीने
तेलाच्या डब्याकडे वळलो,
थांबलो.
हिला पाणी लागत नाही.
ॲल्युमिनियमच्या दोन जाड पाट्यांत दाबून धरायचं,
बस, एवढंच. चर्र नाही, वाफ नाही.
जन्मभर ज्या आवाजावरून मी पात्याचं पाणी जोखलं
तो आवाजच नाही.
नंतर कारखान्याच्या फ्रीजरमध्ये, गोठल्या माशांच्या खोक्यांवर, एक रात्र.
मग घरच्या ओव्हनमध्ये, पाव निघाल्यावर,
दोनदा दोन दोन तास.
बायको म्हणाली, "आता सुऱ्याही भाजायला लागलास?"

मूठ बर्चची केली. आखूड पातं, बोटभर रुंद.
धार कानशीच्या धारेपेक्षा सूतभर कमी.
ते मी तिला सांगून टाकलं.
तिने नोटा मोजून दिल्या,
एक जास्तीची आली ती परत मागून घेतली.

मार्च संपत आला तेव्हा धक्क्यावरच्या शेडमध्ये गेलो,
उगाच, जाळ्याचा आकडा मागायला.
डोक्यांचा ढीग तिच्या कमरेला लागलेला.
रांगेने वाळायला टांगणार, मग नायजेरियाला जाणार.
ती कुणाशी तरी वाफल्सवरून भांडत होती,
आणि सुरी ओल्या फळीवर,
खारट रक्तात, पालथी टाकलेली.
पातं जसं दिलं तसं लख्ख.
तरी बघवेना.
तिचं लक्ष नाही असं पाहून
मी ती उचलली,
स्वेटरच्या बाहीला दोन्ही बाजूंनी पुसली
आणि होती तिथेच, तशीच पालथी
ठेवली.