डावीकडची

रात्री साडेअकरानंतर मी आवाज चाळीसच्या खाली आणते.
खाली खाडिलकर काकू, झोप पापडासारखी,
आणि वारज्याच्या या खोलीला भिंती म्हणायच्या म्हणून भिंती.

चाळीसला दोघी ऐकू येतात.
तिसाला डावीकडची विरायला लागते.
वीसला ती नाहीच.
उजवीकडची मात्र बोलत राहते खणखणीत,
कुणी विचारलंय का याची फिकीर न करता:
"त्येला सुनंचं वावर म्हनायचो आमी.
त्येच्या खाली मोरमाळ. समदं पान्यात."

धरणात गेलेल्या शेतांची नावं गोळा करायचं काम.
दोन माइक होते. एक गोदाबाई पासलकरांच्या पदराला,
एक माझ्या कॉलरला.
उजवीकडे उत्तरं, डावीकडे प्रश्न.
म्हणजे रात्री मी नुसती उत्तरं टाइप करत होते
महिनाभर.

आधी वायरवर संशय घेतला. उलटी लावून पाहिली.
हेडफोनचा एक कान जूनमध्येच गेलेला, त्याची साक्ष काय धरायची.
तपकीर गल्लीत ज्याच्याकडून हा जुना लॅपटॉप घेतला
तो मुनोत म्हणाला, "लिनक्स टाकलंत ना मॅडम?
मग आता तुमचं तुम्ही."

चाचणी लावली. एक बाई इंग्रजीत सांगते, फ्रंट लेफ्ट,
दाराआडून सांगितल्यासारखं.
फ्रंट राइट, अगदी कानाशी.

वर कोपऱ्यात एकच पट्टी असते, शंभर म्हणते,
जणू घरात सगळं एकमतानं चाललंय.
काळ्या खिडकीत अल्सामिक्सर उघडला
तर आत शेजारी शेजारी दोन खांब:
डावा एक्केचाळीस, उजवा सत्त्याऐंशी.
वरची पट्टी दोघांनाही खाली ओढते,
पण जो आधीच खाली उभा
तो आधी तळाला टेकतो.

कुणी केलं असेल? मी नाही.
आधीच्या मालकाचा उजवा कान अधू असेल
किंवा मांजर चाललं असेल कीबोर्डवरून.

बी दाबलं. खांब सारखे झाले.
एवढंच होतं.

मग वीसवर ठेवून तीच फाइल लावली,
सतरावी, सुनेच्या वावराची.
गोदाबाई म्हणाल्या, "माजी सून तितंच..."
आणि थांबल्या.
इथे मी रात्री टाइप केलं होतं: दीर्घ विराम.

विराम नव्हता तो.
ती मी होते.
चार वर्षांपूर्वीची, हुशार, घाईतली:
"क्षेत्र किती होतं आजी? गुंठ्यांत सांगा ना."

थोडं मागे नेऊन पुन्हा ऐकलं.
पुन्हा तेच विचारलं मी.
गोदाबाईंनी श्वास घेतला, तो उजवीकडे नीट आलाय,
आणि पदरावरची माती झटकावी तसं म्हणाल्या,
"गुंटं कोन मोजतं बाय. चालत गेलं की पाय सांगायचं."
सून परत आली नाही त्या फाइलीत.
अठराव्यातही नाही. एकोणिसाव्यात पाऊस आहे पत्र्यावर,
आणि मी विचारतेय, बॅटरी आहे का बघ.

सकाळी लॅपटॉप सुरू केला तर डावा पुन्हा एक्केचाळीस.
साठवून ठेवायची आज्ञा वेगळी द्यावी लागते,
नाहीतर यंत्र जुन्या सवयीवर जातं.
पुन्हा बी दाबलं.
आज्ञा द्यायच्या आधी झेड दाबलं, तीनदा चारदा,
डावा थोडा उतरवला.
इतकाच की ऐकू यावं
आणि पुढे येऊ नये.

दीर्घ विराम खोडलं.
तिथे माझं नाव लिहिलं, पुढे विसर्ग,
पुढे माझा प्रश्न, जसाच्या तसा, गुंठ्यांसकट.
खालून काकूंनी विचारलं, "कोण आलंय गं एवढ्या सकाळी?"
म्हटलं, "कुणी नाही काकू. मीच आहे."