धाकू च्यारीचा ङ

म्हापशात, शुक्रवारच्या बाजारामागे, जिन्याखाली
माझं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, बिलबुकं,
आणि रिकाम्या वेळात हा एक टंक,
ज्याचं नाव अजून ठरत नाही.

अक्षरं जाड, ढेंगा फाकून उभी,
प्रत्येकाच्या पोटातून एक पांढरी रेघ,
बांगडा उघडावा आणि मधला काटा दिसावा तशी.

ही रेघ आली कुठून, विचारत फिरलो.
शापोऱ्याचा रापणकार म्हणाला, गळाच्या दोरीवरून.
बारवाला फ्रांसिस्क म्हणाला, पोर्तुगालहून.
त्याच्याकडे सगळंच पोर्तुगालहून येतं, उधारी सोडून.

धाकू म्हणाला, मेश्त कायतानचा ब्रश म्हातारा झाला होता.
खारीचे केस मध्येच झडले, दोन फाटे पडले.
नव्याला पैसे नव्हते,
आणि तियात्राचा बोर्ड सकाळी द्यायचा होता.
लोकांना वाटलं, नवी फॅशन.
पुढे नवा ब्रश आला तेव्हा
बारा वर्षांच्या धाकूनेच ब्लेडने
त्याचे मधले केस कापले.

कायतान रोमीत लिहायचा.
रेघ देवनागरीत धाकूने आणली, जत्रेच्या फलकावर, हळदी पिवळ्यात.
मग ती पसरली, म्हणजे बिघडत गेली.
होडीवर शिरोरेषा गळाली, फळीची फट होतीच तिथे.
बसच्या कपाळावर अक्षरं अंग चोरून उभी राहिली,
पर्वरी पणजी एका ओळीत मावायला.
बारवर सावली आली, तांबडी, उजवीकडे झुकलेली.

आसगावात कायतानच्या थडग्यावर मात्र
रेघच नाही. सबंध, भरलेली अक्षरं.
तेवढ्यासाठी पुऱ्या केसांचा ब्रश विकत घेतला होता.

मी सगळं मोजून बसवलं:
पातळ, जाड, सावलीचं, होडीचं.
अडलं ते ङ ला.
टंकात ङ लागतोच, कोणी वापरो न वापरो.

धाकूला आता एक्क्याऐंशी. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.
म्हणाला, "हें अक्षर कोणाक जाय?"
साठ वर्षांत एका बारने, एका होडीने,
एका गणपतीने ङ मागितला नव्हता.
एक वाङ्मय मंडळ आलं होतं खरं,
त्यांचं अनुस्वारावर भागवलं. टिंब स्वस्त.

तरी उठला. कॅलेंडर उलटं केलं,
ड काढला आणि थांबला.
टिंब कुठे द्यायचं, मला विचारलं.
मला!
मी बोट ठेवलं. त्याने जरा खाली दिलं.
हात हलला, पोटातली रेघ
कडेवरून बाहेर सांडली.

बाकीची अक्षरं स्क्रीनवर शहाणी बसलीत.
क ख ग घ च्या टोकाला हा एकटा
दार उघडं टाकून.
मी ते लावलेलं नाही.

फोटो काढल्यावर कॅलेंडर त्याने परत मागून घेतलं.
पुढच्या बाजूला दुधाचा हिशेब होता.