गल्लीचं माप

आगीची मोठी गाडी आठ फूट दोन इंच रुंद.
हे मला कुणी सांगितलं नाही.
बाड्यामागच्या फायर स्टेशनात जाऊन मीच मोजलं,
गळ्यातला टेप काढून.
एकतीस वर्षं त्यानं
दौलतगंजातल्या बायकांचे खांदे मोजलेत.
ड्रायव्हर भगीरथ तोमर हसला,
"बाईजी, गाड़ी को भी अस्तर लगेगा?"
म्हटलं, लावू. आधी आरसे उघड.
आरसे उघडून नऊ फूट.

लिहून घेतलं. वही तीच,
अर्धी छाती-कंबर-उंचीनं भरलेली,
उलटी धरली की गल्ली.

वॉर्डाची निगराणी समिती कागदावर पाच जणांची.
दोघं मुलांकडे पुण्याला. एक वारले.
एक निगमच्या ठेकेदाराचे साडू, ते सही करतात.
उरले मी.

दिवाळीनंतर टोकाच्या गोदामात रुई पेटली त्या रात्री
गाडी आली नाही असं मी कधीच म्हणत नाही.
आली. अकरा मिनिटांत आली.
रजिस्टरात आहे, आणि खरं आहे.
फक्त रजिस्टर गल्लीच्या तोंडाशी संपतं.
तिथून पुढची साठ पावलं
आम्ही बादल्यांनी चाललो,
आणि माझ्याकडे काज-बटण करणाऱ्या रूपचंदला
अजून सुईत दोरा ओवता येत नाही.

रविवारी, सकाळी सहाला, धुकं होतं.
टेपचं दुसरं टोक रजनी बाथमनं धरलं.
टेप साठ इंचांचा, गल्ली त्याहून मोठी,
म्हणून शिंप्याच्या खडूनं खूण, पुन्हा टेप, पुन्हा खूण.
गोदामापासून बाहेर मोजत आलो.
मिठाईवाल्याची भट्टी: आठ फूट.
तो आतून ओरडला, पहले ऊपर से ऑर्डर लाओ.
हायड्रंट: आहे.
दोघींनी मिळून चाक फिरवलं,
आतून एक कोळी आला, सावकाश,
आम्हीच त्याची झोपमोड केल्यासारखा.
पुढे एक ओटा: आठ फूट सात.
रजनीनं आकडा मोठ्यानं वाचला नाही.
टेप तिच्या हातात ताणलेलाच राहिला.
ओटा माझा.

लाल दगडाचा, ह्यांनी घालून घेतलेला.
जानेवारीच्या उन्हात गिऱ्हाइकं तिथंच बसतात.
मला वाटलं होतं, या वहीत
माझं नाव फक्त खाली, सहीच्या जागी येईल.

मंगळवारी जनसुनवाई.
साहेबांनी चष्म्यावरून विचारलं,
"आप किसकी तरफ़ से आई हैं?"
पक्ष, संघटना, पेपर, काय सांगणार?
म्हटलं, नऊ फुटांकडून.
बाबूला हसू आलं, ते त्यानं शिक्क्यावर दाबलं.
आवक क्रमांक चार हजार चारशे सतरा.
उत्तर पंधरा दिवसांत.
असे सहा पंधरवडे झाले.
पावती सुयांच्या डबीत आहे.

ओटा मात्र मी त्याच आठवड्यात कापून घेतला.
पाच इंच.
ब्लाउजात पाच इंच म्हणजे दुसरीच बाई.
गवंड्यानं तीनदा विचारलं, नक्की ना?
आता बसणाऱ्यांचे गुडघे रस्त्यात येतात
आणि मी म्हणते, पाय आत घ्या,
जशी पूर्वी म्हणायचे, श्वास सोडा.

परवा भगीरथ ड्यूटी संपवून आला,
गाडी घेऊन, भोंगा न वाजवता.
परवानगी कुणाची, मी विचारलं नाही.
सगळे खिडक्यांत.
आरसा ओट्याजवळून गेला, मध्ये बोटभर हवा.
भट्टीपाशी थांबली.
चाळीस पावलं आत.

परत जाताना ती सबंध गल्ली उलटी गेली,
रूपचंद पुढे होऊन
पट्टी गुंडाळलेल्या हातांनी दिशा दाखवत होता.

वहीत लिहिलं: बाकी वीस.
पेन्सिलीनं लिहिलं.