चौदा नंबरचा फ्लास्क

सूरसागरच्या पायरीवरून
खरवडून आणलेलं हे शेवाळ.
तणनाशक घातलं सोमवारी;
गुरुवारी तेरा फ्लास्क
जुन्या पोस्टकार्डासारखे पिवळे.
चौदावा हिरवाच.

शिर्केबाई म्हणाल्या, औषध घालायला विसरलीस.
वहीत माझी खूण होती, तरी मी
‘विसरले’ असं लिहिलं.
पुन्हा घातलं. दुप्पट.

हिरवाच.

विष येतं ओळखीच्या माणसासारखं,
एन्झाइमच्या पाटावर बसतं, उठत नाही.
याच्या पाटाचा एक कोपरा
कधीतरी आपसूक तासला गेला,
एका अक्षराएवढा.
आता खरा पाहुणाही
अवघडूनच टेकतो,
म्हणून हा वाढतो हळू,
फार हळू.

रात्री त्याच्यापुरता दिवा ठेवला.
फतेगंजची शेवटची बस गाठायच्या आधी
वहीतलं ‘विसरले’
खोडलं.