खळं

रास्ता पेठ, तिसरा मजला, दुपारचे साडेतीन.
भिंगाखाली निळसर-गुलाबी पेशी
गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांसारख्या,
आणि त्यांतल्या सात-आठ जणींना
खळं पडलेलं.

चंद्राला पडतं तसंच.
मधे केंद्रक, मनुकेसारखं सुरकुतलेलं,
भोवती रिकामी फिकट कड.
आजोळी, वाईला, म्हणत,
खळं पडलं म्हणजे पाऊस आलाच असं नाही.
हा विषाणूही तसा.
जवळजवळ प्रत्येकीच्या दारात येतो, प्रत्येकाच्याही,
आणि वर्ष-दोन वर्षांत
बहुतेकदा न सांगता उठून जातो.

माझ्याही काचपट्टीवर होतं एकदा.
नवऱ्याला बोलले नाही.
पुढच्या तपासणीत नव्हतं.

भिंगाखालची ही काचपट्टी अकरा वर्षांपूर्वीची,
आज कपाटातून शोधून काढलेली.
यमुना भिलारे, तेव्हा वय छत्तीस,
पत्ता दांडेकर पुलाजवळचा.
शेरा: सहा महिन्यांनी परत.
खाली माझी सही.
पाठवलेलं पोस्टकार्ड
‘घर सोडून गेले’ असं होऊन आलं,
ते अजून रजिस्टरात आहे.

तो मात्र घर सोडून गेला नाही.
पाहुणा म्हणून आला, कूळ झाला,
मग कुठल्याशा रात्री
पेशीच्या सातबाऱ्यावर नाव चढवलं,
राखणदारांना गप्प बसवलं,
आणि कुठे थांबायचं
हेच पेशी विसरल्या.

यमुनाबाई बाहेर बाकावर,
मांडीवर स्टीलचा डबा.
हलक्या आवाजात विचारतात,
“ताई, हे कुणाकडून आलं?
मालक जाऊन तर नऊ वर्षं झाली.”
सांगता येत नाही, मी म्हणते,
वीस वर्षांपूर्वीचंही असेल.
“म्हणजे माझं काही वाकडं…”
नाही.
जरा जोरातच बोलले असणार.
बाक सगळा माझ्याकडे बघतो.

पोस्टकार्डाचं मी सांगत नाही.
उद्या सांगेन, असं
ठरवते, आणि ठरत नाही.

त्या डब्याचं झाकण उगाच दाबून बसवतात.
“नात नववीत आहे माझी.
ती सुई असते ना, तिला दिली तर?
केवढ्याला पडते?”

मी आकडा सांगते.
यमुनाबाई बोटांच्या पेरांवर मोजू लागतात,
बिबवेवाडीचं एक घर, दोन घरं,
धुणं धरून,
भांडी धरून.
अंगठा तिसऱ्या पेरावर थांबतो,
परत पहिल्यावर येतो.